वहिनी उभ्या आहेत का?

त्या गल्लीतला माणूस घराबाहेर पडताना आभाळ बघत नसे की घड्याळ बघत नसे. दारातून मान बाहेर काढून तो एवढंच विचारी, "वहिनी उभ्या आहेत का?" उभ्या असल्या तर चप्पल पायात घालायची. नसल्या तर परत आत जाऊन बसायचं, नाहीतर सरळ वहिनींच्या दारावर थाप मारायची. बहुतेक जण थाप मारत.

वहिनी म्हणजे इस्त्रीवाल्यांची बायको. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना वहिनीच म्हणत आणि नवऱ्याला दादा. घर गल्लीच्या तोंडाशी. पुढच्या खोलीत इस्त्रीचं लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, घोंगडीवर डागाळलेली चादर. मागच्या खोलीत स्वयंपाक, झोपणं आणि उरलेला संसार. दादा इस्त्री करायचे, वहिनी कपडे धुवायच्या, आणि मोठ्या चादरी आल्या की दोघं समोरासमोर उभे राहून घड्या घालायचे. दवाखान्यातले पांढरे कोट, लॉजच्या उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, असं सगळं यायचं. आणि ही सगळी गिऱ्हाइकं रस्त्याच्या पलीकडे. दवाखाना पलीकडे, शाळा पलीकडे, किराणा पलीकडे, बसथांबासुद्धा पलीकडे. अलीकडे होती ती नुसती माणसं.

घर आधीचं, रस्ता नंतरचा. महामार्ग आला तेव्हा तो लांबून, उंचावरून जाणार होता, म्हणून गल्लीनं फारसं मनावर घेतलं नाही. पण वरून जाणाऱ्या गाड्यांना कुठंतरी खाली उतरावं लागतंच. त्यांच्यासाठी एक रस्ता सोडला आणि तो वळसा घेत घेत नेमका गल्लीच्या तोंडाशी येऊन गावच्या रस्त्याला मिळाला. गल्लीतले लोक त्याला नुसतं 'उतार' म्हणत. उताराच्या डोक्याशी पाटी होती, ऐंशीची. म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरनं खुशाल खाली या, कुणाची ना नाही. महामार्गावर शंभराच्या वर पळून आलेल्या माणसाला ऐंशी म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. तो ब्रेकवर पाय ठेवतो तो शास्त्रापुरता. मग वळण संपतं, गल्ली समोर येते, आणि तेव्हा कुठे त्याला कळतं की अरेच्चा, इथे माणसं राहतात!

अशाच एका गाडीवाल्याला हे दादांमुळे कळलं होतं. पूर्वी कपडे पोचवायचं काम दादांकडे होतं. अभ्र्यांचा गठ्ठा घेऊन ते निघाले आणि अर्ध्या रस्त्यात उडाले. पांढरे अभ्रे रस्ताभर पसरले. गाडीवाला उतरला आणि त्यानं आधी बंपर बघितला, मग दादांना. दादांची हाडं शाबूत राहिली, पण डावा कान गेला. एक कान गेला म्हणजे अर्धं ऐकू येतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आवाज सगळे येतात, फक्त कुठून येतात ते कळत नाही. मागून हॉर्न वाजला की दादा पुढे बघायचे. कुणी उजवीकडून हाक मारली की ते भलत्याच भिंतीला "आलो आलो" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. वहिनी हसायच्या नाहीत. दादांनी एकट्यानं रस्ता ओलांडायचा नाही, असा त्यांनी घरात कायदा करून टाकला आणि पोचवायचं काम आपल्या अंगावर घेतलं.

जाकिटाची गोष्ट यानंतरची. उताराच्या डागडुजीला मजुरांची टोळी आली होती. त्यांनी आपली जाकिटं धुवायला टाकली. नारिंगी रंगाची, छातीवर आणि पाठीवर चकाकत्या पट्ट्या. दादांचा हात म्हणजे कापड दिसलं की इस्त्री फिरलीच. एका जाकिटाची पट्टी वितळून सुरकुतली. मुकादम संतापला. "जाकिटांना इस्त्री करायला कुणी सांगितलं होतं? आम्ही काय लग्नाला निघालोय?" ते जाकीट त्यानं तिथेच टाकलं. जळका वास जाईना म्हणून वहिनींनी ते बाहेरच्या तारेवर वाळत घातलं आणि कामाला लागल्या.

थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की बाहेर काहीतरी बिनसलंय. रोजची घरघर नव्हती. दारात येऊन बघतात तर वळणावरून येणारी एकेक गाडी तारेवरचं नारिंगी बघून कचकन ब्रेक मारत होती. पोलीस आहे का रस्त्याचं काम चाललंय, काही का असेना, काहीतरी आहे असं समजून शहाण्यासारखी हळूहळू जात होती.

"अहो, लवकर या!" वहिनी ओरडल्या. "तुमच्या जाकिटाला गाड्या घाबरतायत!"

दादा मागच्या दाराशी गेले, तिथे कुणी नाही म्हणून परत आले, आणि मग दोघं उंबऱ्यात उभे राहून ती गंमत पोटभर बघत राहिले. त्या दिवशी वहिनी खूप हसल्या. पुढे त्यांना त्या हसण्याचीच चीड यायची.

कारण गाड्यांनाही सवय होते. रोजच्या जाण्यायेण्यातल्या ड्रायव्हरांना चार-आठ दिवसांत कळलं की जाकिटाच्या आत कुणी नाही. ट्रकवाले तर जाता जाता जाकिटाला हॉर्न वाजवून सलाम ठोकू लागले. पण गल्लीचा मात्र जाकिटावर विश्वास बसला होता. पलीकडच्या गोदामावर राखणीला जाणारे रखवालदार काका, गुडघ्यांनी अधू, जाकिटाच्या भरवशावर रस्त्यात उतरले आणि एक टेम्पो त्यांच्या काठीला घासून गेला. काका जागच्या जागी उभे. ना पुढे जाता येतंय, ना मागे. वहिनींनी तारेवरचं जाकीट ओढलं, अंगात घातलं आणि दोन्ही हात वर करून थेट वळणाच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. गाड्या थांबल्या. काका पलीकडे पोचले आणि तिथून हात जोडून म्हणाले, "वहिनी, देवासारख्या धावलात. उद्या पण उभ्या राहाल का?"

त्या "हो" म्हणाल्या. अशा वेळी दुसरं काय म्हणणार?

तो उद्या काही संपेना. आधी शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी. मग दवाखान्याची पाळी बदलायच्या वेळी. मग बसच्या वेळी. मग काय, वेळ अशी राहिलीच नाही. तव्यावरचं तव्यावर टाकून त्या धावायच्या. धुण्याला हात घातला की थाप, डोळा लागला की थाप. हात वर धरून धरून खांदे असे भरून यायचे की वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जायचा नाही. दादा तेल चोळून द्यायचे आणि चिडवायचे, "लग्नाच्या फोटोतसुद्धा तू इतकी उठून दिसत नाहीस." कौतुक सगळ्या गल्लीनं केलं. जाकीट मात्र कुणी मागितलं नाही. एकदोघांनी उभं राहून बघितलं, पण एकाचं लक्ष मोबाइलमध्ये आणि दुसऱ्याला पहिल्याच हॉर्नला घाम फुटला. दादा म्हणाले, मी राहतो. वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता खरी गोष्ट. वहिनींना एकच लेक. लांबच्या शहरात दिलेली, औषधांच्या दुकानात कामाला. सासू नाही, जावई कारखान्यात पाळीवर. तिला दिवस गेले आणि पहिला फोन आईला आला. "आई, तू येऊन राहायचंस. मला दुसरं कुणी नाही." वहिनींनी त्याच दिवशी जुन्या मऊ चादरी फाडून दुपटी शिवायला घेतली. पण जायचं म्हटलं की पाय निघेना. एकदा तिकीट काढून ठेवलं, तर आदल्या दिवशी शाळेची दोन पोरं रस्त्यात जाता जाता वाचली आणि त्यांच्या आया रडत दारात आल्या. तिकीट फुकट गेलं. दुसऱ्यांदा थांब्यापर्यंत पोचल्या होत्या. मागे वळून बघितलं तर अलीकडे माणसांचा घोळका उभा, सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. बस आली आणि गेली. लेक फोनवर म्हणाली, "आई, तुझी गल्ली आधी का मी आधी?" वहिनींनी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन खूप रडल्या. रडताना त्यांना सगळ्यांचा राग आला. गाडीवाल्यांचा आला, गल्लीचा आला, त्या काकांच्या गुडघ्यांचासुद्धा आला, आणि राग आला याचीच लाज वाटली. इतक्यात दारावर थाप पडली. डोळे पुसून त्यांनी जाकीट घातलं.

यातून सुटायचा एकच रस्ता होता. उतारावरची ऐंशीची पाटी जाऊन तिथे चाळीसची यायला हवी, रस्त्यावर खडखडाट करणारे पट्टे हवेत, म्हणजे गाडीवाला वरूनच दमानं येईल आणि मधे कुणी हात वर करून उभं राहायला नको. गल्लीनं अर्ज केला. रस्ते खात्यातून इंजिनिअर बाई आल्या. तरुण, मोजकं बोलणाऱ्या, हातात गाड्यांचा वेग टिपायचं यंत्र. आणि इथे गल्लीनं घोळ घातला. बाई आपल्यासाठी उन्हात उभ्या राहणार म्हटल्यावर बघायला सगळी गल्ली बाहेर. कुणी खुर्ची आणली, कुणी छत्री धरली, कुणी पाणी. म्हाताऱ्यांनी कडेला बाकडं टाकलं. एवढी गर्दी बघून वरून येणाऱ्या गाड्या काय झालंय म्हणून मुंगीच्या पावलानं जाऊ लागल्या. अपघात झालाय का असं काही जण काच खाली करून विचारत होते. बाईंनी यंत्र खाली घेतलं आणि म्हणाल्या, "यात तर कुणी चाळिसाच्याही वर नाही. मी काय लिहू?"

"पण एरवी असं नसतं हो," वहिनी म्हणाल्या.

"एरवी तुम्ही उभ्या असता ना? मग एरवीही असंच असणार."

वहिनींना तोंडात मारल्यासारखं झालं. बाईंच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि बाईंचाही सूर वाईट नव्हता. त्यांनी बाकड्यावर बसून नीट समजावलं. या रस्त्यावर गाड्या जोरात येतात हे आकड्यांत दिसलं तर वेग कमी करता येतो. दिसलं नाही तर वरचे लोक विचारतात, कशाला? आणि तुम्ही उभ्या आहात तोवर ते दिसणार नाही. मग त्यांनीच तोड काढली. रस्त्यावर आडवी एक रबरी नळी बसवतो, कडेच्या खांबाला एक पेटी. नळीवरून गेलेल्या प्रत्येक गाडीचा वेग पेटी टिपेल. आठवडाभर ठेवू. त्या आठवड्यात मात्र इथे कुणीही उभं राहायचं नाही. गाड्या जशा येतात तशा येऊ द्यायच्या.

"आणि माणसं?" रखवालदार काकांनी विचारलं.

बाईंनी गल्लीच्या मागच्या बाजूला मान वळवली. "पुलाखालून वाट आहे ना एक?"

वाट होती. गल्लीच्या मागून, नाल्याच्या कडेनं, पुलाखालून. लांबचा वळसा आणि पायाखाली चिखल. पण आठवडाभराचाच प्रश्न होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, काकांनीही काठी वर करून कबूल केलं.

वहिनींच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. उभं राहायचं नाही! आठवडाभर! आणि लेकीला डॉक्टरांनी तोच आठवडा सांगितला होता. असा योग आयुष्यात परत आला नसता. त्यांनी दादांना समोर बसवलं.

"मी जाते."

"जा की."

"रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. कपडे दवाखान्याची मुलगी येऊन नेईल, मी सांगून ठेवलंय."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आणि जाकिटाला हात लावायचा नाही. शपथ घ्या माझी."

दादांनी शपथ घेतली. घेताना ते दाराकडे बघत होते, पण ते नेहमीच कुठेतरी भलतीकडे बघून बोलायचे, म्हणून वहिनींना त्यात काही वाटलं नाही. पेटी बसली त्या सकाळी त्या पुलाखालच्या वाटेनं, चिखल तुडवत, पिशवी डोक्यावर घेऊन थांब्यावर गेल्या. बस सुटली आणि वळणावरची ती नळी चाकांखाली दबली तसा त्यांचा जीव भांड्यात पडला.

लेकीकडचा तो आठवडा म्हणजे वहिनींच्या आयुष्यातला अगदी स्वतःचा असा आठवडा. गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी लेक सुटली. नातू झाला. लालबुंद, मुठी आवळलेला, रडताना हनुवटी थरथरणारा. त्याला छातीशी धरून बसलं की हात खाली असायचे, आणि हात खाली ठेवून बसण्यात इतकं सुख असतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या. पहिले दोन दिवस रस्त्यावर ब्रेक वाजला की त्या दचकून उठायच्या. लेक म्हणायची, "आई, बस. ते तुझ्यासाठी नाही." मग सवय झाली. रोज दादांना फोन व्हायचा.

"सगळं ठीक?"

"एकदम ठीक. नातू काय म्हणतो?"

"धाप का लागलीय तुम्हाला?"

"चादरींचा मोठा गठ्ठा आलाय गं," दादा म्हणायचे.

निघायची वेळ आली तसं लेकीनं पदर धरला. दुकानवाले फार दिवस जागा धरून ठेवणार नव्हते. आई येऊन राहिली तरच तिची नोकरी टिकत होती, नाहीतर घरी बसायचं. वहिनी म्हणाल्या, "अगं, आता कसली काळजी? पेटी भरली असेल. बाई म्हणाल्यात, आकडे दिसले की महिन्याच्या आत पाटी लागते. पाटी लागली की मी कायमची तुझ्याकडे. बाबांनाही घेऊन येते. तोवर गल्लीला वाऱ्यावर कसं सोडू?"

"नक्की?"

"तुझी शपथ," वहिनी म्हणाल्या. त्यांनी नातवाचा पापा घेतला आणि बसमध्ये बसल्या.

येताना त्यांना ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. महामार्गावर बस अशी पळत होती की बाहेरचं काही नीट दिसत नव्हतं. वहिनींना मजा वाटली. आपण याच वेगाला शिव्या घालतो आणि आत बसलं की तो जाणवतही नाही. उतार आला. ऐंशीची पाटी मागे गेली. आज शेवटचा दिवस, उद्या सकाळी बाई पेटी काढून नेणार. या बसचाही वेग त्या पेटीत पडणार, भरपूर पडू दे बाबा, असं त्या मनात म्हणत होत्या.

आणि वळणाच्या कितीतरी आधी ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. बस अंग चोरून रांगू लागली.

"का हो हळू घेतली?" वहिनींनी विचारलं.

"इथे एक काका उभे असतात. आठवडा झाला, रोज," ड्रायव्हर म्हणाला. "अंगावर नारिंगी जाकीट. मोठे वल्ली आहेत. आम्ही उजवीकडून येतो आणि ते डावीकडे हात दाखवतात. भीती वाटते, कधी अंगावर येतील सांगता येत नाही. सगळेच हळू घेतात आता."

वहिनी जागेवरून अर्ध्या उठल्या. बस वळली आणि समोर दादा दिसले. सुरकुतलेल्या पट्टीचं जाकीट घालून, दोन्ही हात वर करून, चांगला कान उताराकडे वळवून, डोळे ताणून उभे. त्यांच्या पाठीमागून शाळेची पोरं ओळीनं ओलांडत होती. आणि त्यांच्या पायांपासून थोड्या अंतरावर ती रबरी नळी. बस तिच्यावरून चालत्या माणसाच्या वेगानं गेली.

त्या उतरल्या. दादांनी बायकोला बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला, आणि लगेच पडला. हात खाली आले.

"किती दिवस?" वहिनींनी विचारलं.

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." दादा पायाकडे बघत म्हणाले. "पहिल्या दिवशी काकांनी पुलाची वाट धरली आणि चिखलात पडले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मी इथूनच जातो. मी दारात होतो. बसच्या मागून गाडी आली, त्यांना दिसली नाही. मला दिसली. काय करणार होतो मी? जाकीट दाराशीच होतं. म्हटलं, आजच्या दिवस. मग पोरांच्या आया आल्या. म्हटलं, फक्त शाळेच्या वेळी. मग दिवसभरच."

"शपथ घेतली होती तुम्ही."

"घेतली होती."

"त्या पेटीत काय गेलं असेल कळतंय का तुम्हाला? आठवडाभर सगळ्या गाड्या रांगत गेल्या. बाई लिहिणार, गरज नाही."

"मला रोज कळत होतं," दादा म्हणाले. "रोज सकाळी ठरवायचो, आज नाही. पण समोर माणूस चिरडताना बघायचा का गं, पाटीसाठी? तू बघितला असतास?"

वहिनींनी तोंड उघडलं. त्यांना खूप बोलायचं होतं. लेकीची नोकरी, घातलेली शपथ, छातीवर झोपलेलं ते लालबुंद बाळ, हे सगळं ओठांवर आलं होतं. दादांवर ओरडता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण त्यांनी बघितला नसता. हे त्यांना ठाऊक होतं, आणि दादांनाही ठाऊक होतं. एका कानाचा माणूस आठवडाभर या रस्त्यात उभा राहिला आणि धडधाकट समोर आहे, हे मनात येऊन त्यांनी दादांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"परत करू म्हणावं मोजणी," दादा हळूच म्हणाले. "बाई ऐकतील."

"आणि तेव्हा कोण उभं राहणार नाही? तुम्ही? का मी?"

दादा जाकिटाची सुरकुतलेली पट्टी बोटांनी सरळ करत राहिले.

गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याच्या पाळीला निघालेल्या बायका जमल्या होत्या. रखवालदार काकाही होते, गुडघ्याला पट्टी बांधलेली. वहिनींना बघून सगळ्यांचे चेहरे उजळले.

"आल्या का वहिनी? बरं झालं बाई," त्यातली एक मनापासून म्हणाली. "दादांना नीट जमत नव्हतं हो. आमचा जीव टांगणीला. जरा उभ्या राहता?"

वरून गाडीचा आवाज येत होता. दादांनी मान वळवली, भलतीकडे. वहिनींनी पिशवी खाली ठेवली, दादांना खांद्याला धरून कडेला घेतलं आणि त्यांच्या अंगातून जाकीट काढून आपल्या अंगात घातलं. ते घामानं ओलं होतं. वळणाच्या टोकाशी जाऊन त्यांनी दोन्ही हात वर केले. गाडी थांबली, तिच्या मागची थांबली. बायका निघाल्या, काका काठी टेकत निघाले.

तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजायला लागला. पोचलीस का म्हणून विचारायला लेक फोन करणार होती. तेवढंच विचारून ती थांबणार नव्हती, पाटीचं विचारणार होती. काका अजून रस्त्याच्या मध्यावर होते. फोन वाजत राहिला आणि वहिनींचे हात वरच होते.